आयटीआय संपवून अप्रेंटिसशिपला शहरात जाणाऱ्या मुलांना शेवटच्या महिन्यात काय शिकवावं?

शिल्पनिदेशिका

नमस्कार मंडळी. ग्रामीण भागातल्या आयटीआयमधून यंदा फिटर आणि वायरमन ट्रेडची वीस मुलं-मुली बाहेर पडतायत. दोन्ही दोन वर्षांचे ट्रेड. बहुतेकांची अप्रेंटिसशिप चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यात होईल. एम्प्लॉयबिलिटी स्किल्स हा विषय अभ्यासक्रमात आहे, पहिल्या वर्षी १२० तास आणि दुसऱ्या वर्षी ६०. त्यात भर असतो तो मुलाखत, बायोडेटा आणि इंग्रजी बोलण्यावर. घराबाहेर पहिल्यांदा राहणं, पैसा पुरवणं, आजारी पडल्यावर काय करायचं, याला वेळ उरत नाही.

शेवटच्या महिन्यात बारा तास मोकळे मिळतायत. फाइल (कानस) आणि हॅकसॉ (करवत) या मुलांच्या हातात बसलेत, कामात ती कमी पडत नाहीत. जी परत येतात ती पहिल्या दीड-दोन महिन्यांतच येतात, आणि कारण निघतं खोली, जेवण, न आलेलं विद्यावेतन किंवा दुखापत. बारा तासांत नेमकं काय घ्यावं? गटातली दोघं बालगृहातून आलेली आहेत, त्यांना परतायला घर नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय काय आहे, तेही सांगा.

करारनामा

मॅडम, बारातले तीन तास कागदांना द्या, आणि निकालाची वाट न पाहता आत्ताच.

सुरुवात नावापासून. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, बँकेत वडिलांचं नावच नाही, असं निम्म्या वर्गाचं असतं. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा निभावतं. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर अप्रेंटिसशिप पोर्टलवरच्या नोंदणीपासून पुढे पीएफपर्यंत सगळीकडे अडतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने अर्ज टाकू नका. प्रत्येकाचे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा, दहावीचा कागद मूळ धरा आणि बाकीचे त्याला जुळवा.

मग मोबाइल. आधारला बऱ्याचदा वडिलांचा नंबर जोडलेला असतो. मुलगा चाकणला, ओटीपी गावात, आणि वडील शेतात रेंजच्या बाहेर. हा नंबर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. तालुक्याला जाऊन हे उरकूनच मुलं बाहेर पाठवा.

आता करार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार होतो आणि तो अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला जातो. उमेदवार अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते. नोंदणी क्रमांक मिळाला नसेल तर तो मुलगा शिकाऊ उमेदवार नाही, स्वस्तातला हेल्पर आहे. वर्षाअखेरची परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र या नोंदणीवरच अवलंबून असतं. कामावर रुजू व्हा, करार नंतर करू, असं कोणी म्हणालं तर तो क्रमांक मिळेपर्यंत दर आठवड्याला विचारत राहायचं.

विद्यावेतनाचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय प्रमाणपत्रधारकाचा किमान पाया ७,००० रुपये. दुसऱ्या वर्षाला त्यावर १० टक्के, तिसऱ्याला १५ टक्के वाढ. आयटीआयमधली वर्षं यात धरली जातात, म्हणून एक वर्षाच्या ट्रेडला ७,७०० आणि दोन वर्षांच्या ट्रेडला ८,०५०. हे २०१९ च्या नियमांचं किमान झालं, चालू दर पोर्टलवर तपासा. करारावर याहून जास्त आकडा असेल तर तोच लागू.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत असलेल्या कंपन्यांच्या बाबतीत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये इतका वाटा केंद्र सरकार देतं, आणि २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. म्हणजे ८,०५० मधले ६,५५० कंपनीकडून आणि १,५०० सरकारकडून, दोन वेगवेगळ्या दिवशी. मुलाला खात्यात ६,५५० दिसतात, त्याला वाटतं कंपनीने दीड हजार खाल्ले, आणि भांडून तो काम सोडतो. हे आधी माहीत असलं की पुढचं टळतं.

शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे पीएफ आणि ईएसआयसी (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जात नाही. स्लिपवर ही कपात दिसली तर कागद अप्रेंटिसचा नसून कंत्राटी कामगाराचा असण्याची शक्यता मोठी, तो पुन्हा वाचा. ओव्हरटाइम शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय लावता येत नाही. तक्रार असेल तर आधी एचआरकडे लेखी द्यायची, मग जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारं सरकारी केंद्र). करारावरचा वाद सल्लागारच ऐकतो, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. वर्ष पूर्ण झालं म्हणून कंपनीने नोकरी द्यावी असं कायद्यात बंधन नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. घरच्यांनाही सांगा.

बँकमित्र

वरच्या १,५०० रुपयांबद्दल भर घालतो, कारण ते न येण्याची कारणं ठरलेली असतात.

‘आधार बँकेला लिंक आहे’ आणि ‘आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेलं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक चार खात्यांना असू शकतं, पण डीबीटीचा पैसा एकाच खात्यात जातो, म्हणजे शेवटी ज्या बँकेत त्यासाठी संमती दिली तिथे. कुठल्या तरी मोबाइल दुकानात सिम घेताना अंगठा लावून उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं हे अनेकदा तेच ‘शेवटचं’ खातं निघतं. पैसा येतो, पण मुलगा दुसरंच पासबुक भरून पाहत बसतो. माय आधार पोर्टलवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की बँकेचं नाव दिसतं. वर्गात वीस जणांचं एका तासात होतं, फक्त प्रत्येकाचा आधारचा मोबाइल जवळ हवा. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या बँकेच्या शाखेत डीबीटीचा संमती अर्ज द्यायचा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासायचं.

दुसरं कारण जुनी खाती. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं अज्ञानाचं (अठरा वर्षांखालच्या मुलाचं) खातं अठरा पूर्ण झाल्यावर नव्या सहीने आणि केवायसीने सज्ञान करून घ्यावं लागतं. ते केलं नसेल तर व्यवहार थांबतात. दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. आणि पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘स्मॉल’ खात्यात शिल्लक ५०,००० च्या वर आणि वर्षाचा भरणा एक लाखाच्या वर चालत नाही, महिन्याला १०,००० च्या वर काढताही येत नाहीत. शाखेत विचारून घ्या, पासबुकावर ते नेहमी कळत नाही.

फसवणुकीसाठी अर्धा तास ठेवा. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच, हे एक वाक्य मुलांच्या तोंडपाठ हवं. फसवलं गेलं तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम गोठण्याची आशा जास्त. आणि ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असं खोलीवर येऊन सांगणारे असतात. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरवला जातो आणि पोलिस खातेदाराच्या दारात येतात. मुलं याला बळी पडतात ती लोभाने नव्हे, महिन्याचा हिशेब जुळत नसतो म्हणून.

शिल्पनिदेशिका

दोघांचेही आभार. सीडिंग स्टेटस उद्याच बघायला घेते. खोली आणि जेवणाबद्दल कोणी सांगेल का? पहिल्या महिन्याला किती रोख हातात हवी, हा प्रश्न पालक सारखा विचारतात.

रेक्टर_एमआयडीसी

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचं असतं. मुलगा ३ ऑगस्टला रुजू झाला तर पहिला पैसा १० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस स्वतःच्या खिशातून. मुलं परत येतात ती याच चाळीस दिवसांत. खालचे आकडे भागानुसार बदलतील, मांडणी लक्षात घ्या. चौघांत एक खोली धरली तर भाड्याचा वाटा २,०००, अनामतीचा वाटा २,०००, दोन वेळची मेस २,८००, शेअर रिक्षा आणि बस ८००, आणि गादी, बादली, कुलूप, एक्स्टेन्शन बोर्ड मिळून १,५००. झाले ९,१००. शिवाय १० तारखेच्या आधीच दुसऱ्या महिन्याचं भाडं उभं राहतं. आणि कंपनीकडून पहिल्यांदा येणार ६,५५०. पालकांना ‘सुरुवातीला पाचेक हजार पुरतील’ असं सांगणं बंद करा. साडेअकरा-बारा हजारांची तयारी लागते, आणि ती नसेल तर अनामत दोन हप्त्यांत द्यायची आणि मेस आठवड्याच्या बोलीने लावायची, हे जाण्याआधीच फोनवर ठरवून घ्यायचं.

एकेकट्याला पाठवू नका, एका कंपनीतले किंवा एका पाळीतले तिघं-चौघं एका खोलीत ठेवा. वेगवेगळ्या पाळ्यांचे एकत्र आले की कोणाचीच झोप पूर्ण होत नाही. खोली बघताना भाडं सोडून चार गोष्टी विचारायच्या: पाणी किती वाजता येतं, वीजबिल मीटरवर की माणशी, अनामत किती दिवसांच्या नोटिशीवर परत, आणि रात्रपाळीहून पहाटे आल्यावर गेट उघडतं का. भाडेकरार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदलेलाच हवा, ती जबाबदारी मालकाची असते. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने देताना, बरेच जण तो करत नाहीत. निदान अनामतीची पावती किंवा यूपीआयची नोंद हवीच, रोखीत अनामत देऊ नये.

मेसमध्ये खाड्याचा (न जेवलेल्या दिवसांचा) नियम आधी विचारा. काही ठिकाणी सलग चार दिवसांच्या खाड्याचेच पैसे वळते होतात, एक-दोन दिवसांचे नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात डबा किती वाजता मिळणार हेही बोलून घ्या, नाहीतर आठवडाभर वडापाववर निघतो.

आणि सगळ्यांना, मुलांनाही, कुकरची खिचडी यायलाच हवी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, धुऊन. फोडणीत कांदा, हळद, मीठ. चार वाट्या पाणी. तीन शिट्या आणि मग वाफ आपोआप जाईपर्यंत झाकण उघडायचं नाही. दोघांचं पोट भरतं. डाळ असताना कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेस चढून शिट्टीचं भोक बुजतं. हे आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष करून घ्या. शिट्टी काढून भोक उजेडात धरून बघायची सवय लागली की पुढचे अपघात टळतात. गॅससाठी कंपनीच्या वितरकाकडून पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. किराणा दुकानाच्या मागे किलोवर गॅस भरून देतात तो घेऊ नये. तो भरणा बेकायदा असतो, आणि व्हॉल्व्ह गळायला लागला तर बंद खोलीत चौघं झोपलेले असतात.

सेफ्टी_शूज

वर्कशॉपचे नियम मुलांना पाठ असतात, पण कंपनीत सगळे करतात ते बघून सुटतात. तीनच गोष्टी पक्क्या करून घ्या. फिरत्या मशीनवर, ड्रिल असो की लेथ, हातमोजे घालायचे नाहीत. मोजा चकमध्ये अडकला की हात ओढला जातो. बाही कोपराच्या वर, गळ्यात धागा किंवा लॉकेट नाही, हातात कडं नाही. वायरमनच्या मुलांनी लाइन बंद केल्यावर स्वतःचं कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय हात घालायचा नाही, ‘मी बंद केलीय’ असं कोणी ओरडून सांगितलं तरी.

दुखापत किरकोळ वाटली तरी त्याच पाळीत सुपरवायझरला सांगून अपघात नोंदवहीत लिहून घ्यायची. शिकाऊ उमेदवाराला ईएसआयसी नसते, पण कामामुळे झालेल्या दुखापतीची भरपाई देणं कायद्याने मालकावर आहे. नोंद नसेल तर दुसऱ्या दिवशी ‘खोलीवर लागलं असेल’ असं उत्तर मिळतं. केसपेपर, जखमेचा फोटो आणि त्या दिवसाची हजेरी, तिन्ही जपून ठेवायची.

मुलींसाठी: लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यात अप्रेंटिस आणि प्रशिक्षणार्थीही धरलेल्या आहेत. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी. समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली असायला हवीत, रुजू झाल्याच्या आठवड्यात त्यांचा फोटो काढून ठेवा. राहण्यासाठी नोकरदार महिलांच्या सखी निवास वसतिगृहात जागा शिल्लक असेल तर प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही प्रवेश मिळतो.

पगारपत्रक

वर्ष संपल्यावर यातले बरेच जण कंत्राटदाराकडे लागतील, तेव्हा पहिली पगारस्लिप वाचता आली पाहिजे. एक उदाहरण सोडवून घ्या. बेसिक आणि महागाई भत्ता १२,०००, घरभाडे भत्ता ३,०००, एकूण १५,०००. पीएफ १२,००० च्या १२ टक्क्यांनी १,४४०. ईएसआयसी एकूण पगाराच्या ०.७५ टक्क्यांनी ११२.५०, ते वरच्या रुपयात ११३. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात १३,२४७. मुलींना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात १३,४४७ यायला हवेत. मुलीच्या स्लिपवर २०० कापलेले दिसले तर लगेच विचारायचं. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची छोटी कपात असते, तिने घाबरू नये.

जितके पीएफला कापले तितकेच मालकानेही भरायचे असतात, आणि ते भरले की नाही हे दर महिन्याला पासबुकात दिसतं. कापले पण भरले नाहीत, ही कंत्राटदारांकडची नेहमीची तक्रार. दोन महिने नोंद दिसली नाही की स्लिप घेऊन विचारायचं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आयुष्यात एकच. नवी नोकरी लागली की जुना नंबर द्यायचा, नाहीतर दोन नंबर होतात आणि पैसे अडकतात. नोकरी सुटली की पीएफ काढून मोबाइल घेण्याऐवजी पुढच्या खात्यात वळवावा.

ईएसआयसी २१,००० पर्यंतच्या पगाराला. दवाखाना पहिल्या दिवसापासून मिळतो. आजारपणाच्या रजेचा ७० टक्के पगार मात्र वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तरच. कार्डची प्रिंट पाकिटात ठेवायची.

अनुरक्षण

त्या दोघांबद्दल. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६ प्रमाणे बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत, आणि विशेष परिस्थितीत त्यापुढेही, अनुरक्षण सेवा (संस्था सोडल्यानंतरचा आधार) मिळू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत यासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यायचा. बालगृहातून बाहेर पडून वर्ष-दोन वर्षं झाल्यावर कागद गोळा करणं जड जातं, म्हणून आजच अधीक्षकांशी बोला. प्रशिक्षण चालू असल्याचं पत्र तुम्ही दिलंत तर अर्जाला बळ येतं. शिल्लक जागा असेल तर अनुरक्षण गृहात राहायचीही सोय होते, पण ते गृह कंपनीपासून किती लांब आहे ते आधी बघा.

दुसरं, अनाथ प्रमाणपत्र. राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, ते या प्रमाणपत्रावरच मिळतं. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज होतो. दोघं तिथे बसत असतील तर संस्था सोडण्याआधी अर्ज टाकाच.

तिसरं, आधारवरचा पत्ता. तो बालगृहाचा असतो आणि पत्रं तिथेच जातात. नवा पत्ता पक्का होईपर्यंत तोच राहू द्या, आणि टपाल कोण ठेवून घेईल ते गृहातल्या एका माणसाशी नाव घेऊन ठरवा.

सुट्टीच्या दिवशी बाकीची मुलं गावी जातात. दिवाळीत खोली रिकामी, मेस बंद आणि हा एकटा, तेव्हा सगळ्यात कठीण जातं. दिवाळीच्या चार दिवसांचं जेवण आणि मुक्काम कुठे, हे ऑगस्टमध्येच लिहून ठेवा.

शिल्पनिदेशिका

दिवाळीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. दोघांना कोणाच्या घरी पाठवायचं ते पालकसभेतच विचारते. शेवटचा प्रश्न, मुलं गेल्यावर आम्ही फोन कधी करावा? सगळ्यांना रोज करणं शक्य नाही.

रेक्टर_एमआयडीसी

तीन फोन पुरतात, पण तारखा ठरवून. पहिला दहाव्या दिवशी: करार नोंदला का, मेस लागली का, झोप होते का. दुसरा पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, तेव्हा एकच प्रश्न, खात्यात किती आले. तिसरा पहिली रात्रपाळी संपल्यावर. ‘बरं चाललंय’ हे उत्तर धरू नका, ‘काल रात्री काय जेवलास’ असं विचारा. सलग दोन वेळा बिस्किटं किंवा वडापाव निघाला तर पैसे संपलेत असं समजा. बोलण्यात एकटेपणा फार जाणवला तर टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ द्या, मोफत आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

जाताना प्रत्येकाला पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं कार्ड द्या, हाताने लिहिलेलं: ११२, १९३०, १४४१६, मुलींसाठी १८१, बीटीआरआयचा नंबर, तुमचा नंबर, खोलीतल्या एका मित्राचा आणि घरचा. मागच्या बाजूला रक्तगट आणि कराराचा नोंदणी क्रमांक. मोबाइलमध्ये सेव्ह केलंय म्हणून कार्ड नको म्हणतात, तरी पाकिटात घालूनच पाठवा. पहिल्या महिन्यात खोलीवरून किंवा बसमध्ये मोबाइलच चोरीला जातो.